स्वयंपाकघर पर्यावरणपूरक कसं करायचं: सारखे सारखे येणारे प्रश्न

जळगावात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर, बाल्कनीत खताचे तीन माठ आणि गच्चीवर एक सोलर कुकर. एवढ्या भांडवलावर लोकांनी मला तज्ज्ञ करून टाकलंय. नाहीये मी, पण व्हॉट्सअॅपवर, जिन्यात, लग्नाच्या पंगतीत तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सोपे आधी, डोकं खाणारे नंतर.

१. सुरुवात करायचीय ताई, काय काय विकत आणू?

काहीच नाही. खरंच. लोक आधी घरातले प्लास्टिकचे डबे काढून टाकतात आणि काचेच्या बरण्यांचा सेट ऑर्डर करतात, म्हणजे चांगला चालणारा डबा कचऱ्यात आणि नवीन बरणी खोक्यात, थर्माकोलमध्ये गुंडाळून घरात. तो डबा बनताना जे काय व्हायचं ते होऊन गेलंय, आता तो अजून दहा वर्षं वापरा. कोरडं धान्य, डाळी, पोहे ठेवायला काही हरकत नाही, फक्त गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ त्यात नको.

सुरुवात म्हणून आठवडाभर दोन बादल्या ठेवा, एक ओल्याची, एक सुक्याची, आणि रविवारी सुकी बादली जमिनीवर ओतून बघा. आमच्या घरी पहिल्यांदा ओतली तेव्हा चौदा दुधाच्या पिशव्या होत्या आणि शेवेच्या सहा पुड्या. शेवभाजी खाणारं घर, दुसरं काय निघणार! तेव्हापासून शेव आणायला स्टीलचा डबा नेते, दुकानदार आधी रिकाम्या डब्याचं वजन करतो, मग शेव. पहिल्या दिवशी हसला होता, आता विचारतो डबा कुठे विसरला.

२. सिलिंडर महिनाभर पुरत नाही, गॅस कमी कसा लागेल?

इथे सगळ्यात जास्त फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डाळ भिजवा. तूरडाळ अर्धा तास, उडीद-मूग अख्खे असतील तर तीन-चार तास, हरभरा-मटकी रात्रभर. न भिजवलेल्या डाळीला आपण ज्या दोन-तीन शिट्ट्या जास्त घेतो ना, त्या सगळ्या गॅसच्या. कुकरला पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, आत प्रेशर तयार झालं की मोठ्या आचेचा काही उपयोग नसतो, नुसती वाफ बाहेर फेकली जाते. आणि पातेल्यावर झाकण! भाजी उघडी शिजवायची सवय आपल्याकडे फार आहे.

ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर यायला नको. बाहेर आलेली ज्योत ओटा तापवते आणि मे महिन्यात आपल्यालाही. ज्योत पिवळी दिसत असेल, भांड्याचं बूड काळं होत असेल तर बर्नरची भोकं तुंबलीयत, उतू गेलेलं दूध बहुतेक. गार झाल्यावर बर्नर काढून सुईनं साफ करा, ज्योत परत निळी झाली पाहिजे. नाहीच झाली तर मेकॅनिकला दाखवा.

भाकरी झाल्यावर तापलेला तवा तसाच राहतो, त्यावर शेंगदाणे टाका, गॅस बंद. दोन-चारदा हलवले की निम्मे भाजून होतात. भातासाठी मी कुकरला एक शिट्टी घेते, गॅस बंद करते आणि अख्खा कुकर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवते, अर्ध्या तासात भात मोकळा. पण गोधडी गॅस बंद करून, कुकर खाली उतरवल्यावरच, शेगडीच्या जवळसुद्धा नको. राजम्याला मात्र ही युक्ती नाही, तो खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर पोट बिघडतं.

३. चूल तर आपली जुनी, नैसर्गिक. मग चुलीवरचं जेवण जास्त पर्यावरणपूरक ना?

नाही. चव वेगळी गोष्ट आणि धूर वेगळी. बंद खोलीत रोज चूल पेटवणं म्हणजे बाईच्या आणि कडेवरच्या पोराच्या फुप्फुसात रोज धूर भरणं. २०१६ ला उज्ज्वला योजना आली तिच्यामागे हेच मोठं कारण होतं. लाकूड अर्धवट जळतं, काजळी होते, शिवाय साध्या चुलीत लाकडातली बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही.

आता भरीत. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, त्याला कोणी नाही म्हणणार नाही, मी तर नाहीच म्हणणार. त्या काड्या नाहीतरी शेतात पेटवूनच देतात बरेच जण. उघड्यावर, वर्षातून चार-सहा वेळा, दहा जणांचं एकदम, याचा हिशोब वेगळा. आपल्या भरताच्या वांग्यांना आणि केळीला दोघांनाही २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, काड्यांवर भाजायचा मान त्यांना दिलाच पाहिजे.

४. इंडक्शन घेऊ का? पण वीज तर दीपनगरच्या कोळशाचीच येते ना?

हा प्रश्न भुसावळहून एका काकांनी पाठवला (दीपनगर म्हणजे तिथलं कोळशावरचं वीज केंद्र) आणि मला दोन दिवस कागद-पेन घेऊन बसवलं.

एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. गॅसच्या शेगडीवर निम्म्याच्या आसपास उष्णता भांड्याला लागते, बाकी आजूबाजूला जाते. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते. त्यामुळे एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण ११० ते १२५ युनिटमध्ये होतं. तुमच्या बिलात वरच्या स्लॅबचा दर बघा आणि गुणाकार करा, बऱ्याच घरांत पैशांचा फरक वाटतो तेवढा मोठा नसतो.

कार्बनचं मात्र काका म्हणतात ते बरोबर आहे. एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सिलिंडरमागे ४२-४३ किलो. आपल्या देशाच्या ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीज केंद्रांच्या मिळून जाळ्याची, सरासरी युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम, म्हणजे तेवढ्याच स्वयंपाकाला ८० किलोच्या आसपास. आज ग्रिडच्या विजेवर इंडक्शन हे गॅसपेक्षा हिरवं नाही, दुकानदार काही म्हणो. पण गच्चीवर सोलर पॅनल असतील आणि दुपारचा स्वयंपाक, डाळी शिजवणं, पाणी उकळणं त्यावर होत असेल तर पारडं एकदम फिरतं. ग्रिडही हळूहळू बदलतंय, आपल्याच साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे.

म्हणून माझं मत: पॅनल आहेत तर घ्या. नाहीत तर गॅस नीट वापरा (प्रश्न २). घेणार असाल तर आधी फ्रिजवरचं मॅग्नेट काढून भांड्यांच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तरच ते भांडं चालेल. अॅल्युमिनियम, तांबं, मातीचं खापर यातलं काही चालत नाही.

५. आपल्याकडे एवढं ऊन, मग सोलर कुकर चालतो की नुसतं शोभेचं?

चालतो आणि मस्त चालतो. पेटीवाला साधा कुकर, आत काळे डबे, वर काच, झाकणाला आरसा. साडेदहाला डाळ-तांदूळ लावा, एक-दीडपर्यंत तयार. पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं कारण वाफ उडून जात नाही, पहिल्या वेळी माझी खिचडी म्हणजे पेज झाली होती. मधेमधे उघडून बघायचं नाही, प्रत्येक वेळी उघडलं की वेळ वाढतो.

शेंगदाणे आणि रवा त्यात इतके छान भाजले जातात की काय सांगू, करपत तर अजिबात नाहीत. भाकरी, फोडणी, तळण नाही होत, ते गॅसवरच.

एक गैरसमज: लोकांना वाटतं मे महिन्यात, ४५ अंशांत कुकर दुप्पट वेगानं चालेल. तसं नाही. त्याला हवेची गरमी नाही, स्वच्छ ऊन लागतं, जानेवारीच्या गार पण निरभ्र दुपारीही डाळ शिजते. मेमध्ये उलट धूळ असते, काच रोज पुसा. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे गुंडाळून ठेवायचा.

६. फ्लॅटमध्ये राहतो, ओल्या कचऱ्याचं खत खरंच घरात होतं का? वास नाही येत?

होतं. वास येतो तो चुकलं तरच, आणि माझं चुकलं होतं. पहिल्या वेळी रंगाची रिकामी बादली घेतली, भाजीची देठं, सालं, शिळा भात सगळं टाकलं आणि घट्ट झाकण लावलं. एप्रिल महिना. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर वरच्या मजल्यावरून मावशींनी खिडकी लावून घेतली, आवाजासकट!

चूक अशी की आत हवा नव्हती आणि सुकं काहीच नव्हतं. बरोबर पद्धत म्हणजे खाली आणि बाजूला भोकं असलेला माठ किंवा बादली, तळाला नारळाच्या शेंड्या. त्यावर ओल्या कचऱ्याचा एक थर की सुक्याचे दोन थर. सुकं म्हणजे वाळलेली पानं, शेंगांची टरफलं, लाकडाचा भुसा, कडबा बारीक तोडून, केळीची वाळलेली पानं. आपल्याकडे याची कमी नाही, फुकट मिळतं. सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक घातलं की गाडी लवकर सुरू होते. दोन-तीन दिवसांनी खाली-वर हलवायचं. कचरा जेवढा बारीक चिरून टाकाल तेवढं लवकर.

दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारखा वास येणारं खत तयार. ओलावा बघायचा तर मूठभर घेऊन दाबा: बोटांतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर सुकं घाला, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा.

७. माझ्या खतात अळ्या झाल्यात, फेकून देऊ का?

नका देऊ. जाड, तपकिरी-करड्या, हळू वळवळणाऱ्या अळ्या असतील तर त्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर खातात, चावत नाहीत, घरात पसरत नाहीत. दिसायला ओंगळ, एवढंच. नको असतील तर सुक्याचा जाड थर द्या आणि ओलं काही दिवस थांबवा. बारीक पांढऱ्या अळ्या आणि घाण वास असं दोन्ही असेल तर पाणी जास्त झालंय.

उन्हाळ्यात उलटी तक्रार येते, "ताई, खत होतच नाही, सगळं वाळून कुरकुरीत". आपल्या उन्हात ओलावाच टिकत नाही, मग जिवाणू काम कसं करणार? माठ सावलीत घ्या, वर ओलं गोणपाट टाका आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी दिवसाआड शिंपडा.

८. खतात काय काय टाकायचं नाही?

मटण-चिकनची हाडं, मासे, तेलाचा तवंग असलेली उरलेली शेवभाजी, दूध-दही जास्त प्रमाणात. या सगळ्यांनी वास सुटतो, उंदीर येतात. आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी जाते पण वर्षभर तशीच बसते. चहाची पावडर बिनधास्त, साखर आणि दूध गेलं की, म्हणजे एकदा धुवून. लिंबू-मोसंबीची सालं थोडीच टाका, बाकीच्यांचं काय करायचं ते प्रश्न १२ मध्ये. केळीची सालं? अहो, जळगावात राहून हा प्रश्न! टाका, पण तुकडे करून.

चहाच्या डिप बॅगा उघडून आतली पावडर टाका, बऱ्याच बॅगांच्या जाळीत प्लास्टिक असतं.

९. दुधाच्या पिशव्यांचं काय करायचं? बंदच होत नाहीत त्या.

आधी एक बारीक गोष्ट. कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण वेगळा करू नका, थोडा चिकटलेला राहू द्या. तो त्रिकोणी तुकडा कुठल्याच भंगारवाल्याकडे पोचत नाही, मोरीतून गटारात आणि पुढे नदीत. पिशवी मात्र चांगल्या प्लास्टिकची असते, आडवी कापून धुवायची, उलटी वाळत घालायची, महिनाभर साठवायची. भंगारवाला घेतो, भाव किलोवर मिळतो. न धुतलेली घेत नाही आणि त्याचं बरोबरच आहे, दोन दिवसांत उग्र वास सुटतो तिला.

गावात असाल, दारात दूध येत असेल तर पातेलं लावा, विषयच संपला. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर चिकटवून केलेली असतात, ती भंगारात जात नाहीत. सुका कचरा म्हणून घंटागाडीत द्या, आणि आणायचीच कमी करा.

१०. पिशवीवर "बायोडिग्रेडेबल" छापलंय, मग ती माझ्या खताच्या माठात टाकू?

नको. नुसता शब्द छापायला काही लागत नाही. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि तिच्यावर आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख असतो. तीसुद्धा मोठ्या खत प्रकल्पातल्या जास्त तापमानाला कुजते, तुमच्या माठात वर्षभर तशीच दिसेल. मी टाकून बघितली, आहे अजून.

कागदी कपाचंही तसंच, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो म्हणूनच चहा गळत नाही.

नियम म्हणाल तर १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या प्लेट, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ यांच्यावर बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवरही. महाराष्ट्रात बंदी त्याही आधी, २०१८ मध्ये आली. भाजीबाजारात काय चालतं ते तुम्हीही बघता, मीही बघते. कापडी पिशवी घरात नाही, गाडीच्या डिक्कीत ठेवा.

११. घरी पन्नास माणसांचं जेवण आहे, तेवढी ताटं कुठून आणू?

भाड्यानं. मंडपवाल्याकडे स्टीलची ताटं-वाट्या मिळतात, धुवायला दोन बायका सांगायच्या, त्यांनाही काम मिळतं. नाहीतर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, सातपुड्याकडच्या बाजारात मिळतात. घेताना बघा, हल्ली पत्रावळीच्या नावाखाली वर हिरवं छापलेलं आणि चकचकीत प्लास्टिक चिकटवलेलं ताट देतात. नखानं खरवडा, पातळ पापुद्रा निघाला तर परत करा.

रावेर-यावल भागात केळीचं पान काय, शब्द टाकायचा अवकाश. कानबाईच्या रोटांना (आमचा श्रावणातला खानदेशी सण) आमच्याकडे भाऊबंद जमतात तेव्हा पानंच असतात, जेवण झालं की गाईपुढे. मिठाईची फॉइल तेवढी आधी वेचून घ्या.

१२. भांडी घासायला राख चालते का? आणि ते बायोएन्झाइम काय असतं?

राख चालते आणि त्यात जादू नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतात, तेलकटपणाशी मिळून साबणासारखंच काम करतात. चाळून घ्या नाहीतर स्टीलवर ओरखडे पडतात. अॅल्युमिनियमला लावू नका, काळं पडतं. कोळशाची किंवा कचरा जाळलेली राख तर मुळीच नको.

बायोएन्झाइमचं माप: एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीची सालं, दहा भाग पाणी. प्लास्टिकच्या बाटलीत, काचेच्या नाही, कारण गॅस होतो. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. मी चार दिवस माहेरी गेले तेव्हा बाटलीनं स्वतःच सोडला, सिलिंगला अजून डाग आहे. तीन महिन्यांनी गाळून फरशी, सिंक, ओट्याला पाण्यात मिसळून वापरा. चिकटपणा आणि वास जातो. दवाखान्यासारखं जंतुनाशक मात्र ते नाही, कच्चं चिकन कापलेल्या पाटीला साबण आणि गरम पाणीच.

१३. आरओ मशीनमधून एवढं पाणी वाया जातं, बंद करून टाकू?

मोजून ठरवा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचं मीटर काहीशे रुपयांत मिळतं, एक घेऊन अख्ख्या बिल्डिंगमध्ये फिरवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० च्या आत चांगला धरलाय, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. धरणाचं नळाचं पाणी ५०० च्या आत येत असेल तर आरओची गरज नाही, गाळून उकळणं किंवा यूव्ही फिल्टर पुरतो. बोअरचं पाणी १२००-१५०० निघालं तर आरओ ठेवा, अपराधी वाटून घेऊ नका. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध असं मात्र नाही, मीटरला जंतू दिसत नाहीत.

एक लिटर पाण्यामागे घरगुती मशीन दोन-तीन लिटर तरी बाहेर टाकतं. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसणं, संडास, खरकट्या भांड्यांची पहिली विसळ यात ते संपतं. कुंड्यांना रोज घालू नका, क्षार साठून पानांच्या कडा जळतात. ज्यांच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो त्यांना मी हे सांगायची गरज नाही, तेच मला शिकवतील.

१४. वर्षाचं धान्य भरतो, औषधाच्या गोळ्या न टाकता कीड कशी थांबवायची?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, नीट वाचा. कापडात बांधून गव्हात टाकायच्या ज्या गोळ्या काही ठिकाणी गुपचूप मिळतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. ती गोळी घरात वापरायला परवानगीच नाही, आणि पोती झोपायच्या खोलीत असतील तर जिवावर बेततं. बोरिक पावडरही धान्यात नको.

खरं औषध म्हणजे आपलं ऊन. मे महिन्यात गच्चीवर दोन-तीन दिवस पातळ पसरून कडकडीत वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. मग संध्याकाळी गार होऊ द्या, गरम धान्य कोठीत भरलं की आत घाम सुटतो. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात चोळा, दाण्याला नुसती चमक यावी इतकंच. दादर ज्वारीला तेल लावत नाही आम्ही, पाला आणि घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी पुरते. पावसाळ्यात झड असताना कोठी उघडायची नाही, महिन्याचं लागणारं आधीच डब्यात काढून ठेवायचं.

आणि धान्य निवडायचं म्हणाल तर भात रोजचा कमी आणि ज्वारी-बाजरी-नागली जास्त. भाताच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन निघतो आणि पाणीही प्रचंड लागतं. कळण्याची भाकरी आणि ठेचा ही काही शिक्षा नाही.

१५. फ्रिज बंद करून माठावर राहता येतं का?

पाण्यापुरतं, हो. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे माठातून पाझरलेलं पाणी पटापट उडतं आणि आतलं गार होतं. पावसाळ्यात दमट हवेत तोच माठ काही करत नाही, त्याचा दोष नाही. पालेभाजी ओल्या कापडात गुंडाळून टोपलीत, माठाच्या शेजारी, एक दिवस आरामात राहते. पण ४४ अंशांत दूध आणि शिजवलेलं अन्न बाहेर ठेवून पर्यावरण वाचवायला जाऊ नका, सगळं फेकावं लागेल.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची जाळी झटका. दाराच्या रबरात नोट अडकवून दार लावा आणि ओढा, सहज सुटली तर रबर गेलंय.

१६. उरलेलं अन्न आणि एकदम पिकलेला केळीचा घड, काय करू?

गावाहून घड येतो आणि तिसऱ्या दिवशी सगळी केळी एकदम पिवळी, हे आपल्याकडचं खास दुखणं. फण्या वेगवेगळ्या करून वेगळ्या खोल्यांत टांगा, पिकणारं केळं जो वायू सोडतं त्यानं शेजारचंही पिकतं. निम्मी कच्ची असतानाच वेफर्स आणि भाजीला काढा. फार पिकली तर शिकरण, आणि चकत्या करून जाळीखाली कडक उन्हात वाळवल्या की मुलं गोळ्यांसारखी खातात. शेजारी वाटायची म्हणाल तर त्यांच्याकडेही घड आलेला असतो.

शिळ्या भाकरीचा कुस्करा, पोळीचे फोडणीचे तुकडे, उरलेलं वरण कणकेत मळून पराठे, हे तुम्हाला मी काय सांगू. फक्त उन्हाळ्यात शिजलेला भात आणि वरण तासाभरात फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. आंबूस वास आला तर खतात (तेलकट नसेल तर, प्रश्न ८), पोटात नको. घंटागाडीतून डेपोवर गेलेलं अन्न ढिगाखाली हवेविना कुजतं आणि तिथूनही मिथेनच निघतो.

१७. तळणाचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतलं तर काय होतं?

पाइपात चिकटतं, साबणाबरोबर गोळा होतं आणि दिवाळीनंतर प्लंबर येतो. उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. परत परत तळायला नको, विकायच्या पदार्थांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे की तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल परत परत तापवलं की तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. घरी मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळ, चिकट झालं की समजून जा. ते भुशात किंवा रद्दीत जिरवून सुक्या कचऱ्यात द्या. जास्त असेल, म्हणजे तुमचा फरसाणाचा धंदा असेल, तर बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांना विका.

१८. नॉनस्टिक तवा लगेच फेकू का?

कोटिंग शाबूत आहे तर नको. मध्यम आचेवर, लाकडी उलथन्यानं, रिकामा तापवायचा नाही, २६० अंशांच्या वर कोटिंग बिघडायला लागतं. पापुद्रे निघायला लागले की भंगारात. पुढचा तवा लोखंडाचा घ्या. तेल लावून, तापवून, पुसून असं चार-पाचदा केलं की तोही चिकटत नाही. पुरणाच्या मांड्यांसाठीचं खापर कुंभाराकडूनच घ्या, ते आजीपासून नातीपर्यंत चालतं, कोणी हातातून पाडलं नाही तर.

१९. घरी बायोगॅस करता येईल का?

जनावरं असतील तर नक्की. एक घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो शेण लागतं, म्हणजे दोन-तीन जनावरं. जनावरं नसतील तर खरकट्यावर चालणारं छोटं संयंत्र असतं. पुण्याच्या आरती संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली तसं केलं होतं आणि त्याला २००६ चं शाश्वत ऊर्जेसाठीचं अॅशडेन पारितोषिक मिळालं. फ्लॅटला मात्र मी नाही सुचवत, जागा, ऊन आणि रोजचं खाऊ-पिऊ घालणं लागतं. घरी एखादी म्हैस बांधल्यासारखंच आहे ते!

२०. मी सगळं करते हो, पण घरचे ऐकतच नाहीत. काय करू?

सासूबाई पारोळ्याकडच्या. मी कडुनिंबाचा पाला आणि राखेचं कौतुक सांगायला लागले की म्हणतात, "हाई काय नवं शे? आमनी माय हाईच करे." बरोबरच आहे त्यांचं, त्यांना विचारायला लागले तेव्हापासून घरातली निम्मी भांडणं संपली. चुलीच्या बाबतीत मात्र आमचं अजून जमत नाही.

नवऱ्याला दोन वर्षं समजावलं, उपयोग शून्य. मग सुकी बादली उचलून तो सकाळी चहा करतो त्या ओट्याखाली आणून ठेवली आणि खिडकीत दोरी बांधून चार चिमटे लावले. आता दुधाची पिशवी तो स्वतः धुतो, उलटी करतो, चिमट्याला लावतो. कोपरा अजून पूर्णच कापतो.